पाणसळ खोटं बोलत नाही

१

नाव शाबूत होती. घाटातल्या तिसऱ्या वळणाखाली दोन झाडांच्या बेचक्यात ती अशी बसली होती, की कुणी हौसेने उचलून शोभेला ठेवली असावी. नवा रंग, नवं इंजिन, आणि अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिला ओढून नेणारी पिकअप मात्र आणखी खाली, ओढ्याच्या दगडांत चेपून पडली होती. नाव बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा त्या पिकअपमध्येच संपला होता.

अपघात तपासणीच्या कार्यालयातल्या बाईंना सगळे पाठीमागे ‘मोजणीबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. माणूस साक्ष देताना डोळे चुकवतो, लोखंड चुकवत नाही, असं त्यांचं साधं मत होतं. म्हणून त्या आधी लोखंडाकडे जात आणि माणसांकडे नंतर.

जप्तीच्या गाड्या ठेवायच्या सपाट आवारात त्यांनी ज्यावरून नाव नेली जात होती तो ट्रेलर जॅकवर उचलून सरळ केला आणि त्याच्या पुढच्या टोकावरची, म्हणजे नाकावरची, वाटी जमिनीपासून किती उंच येते ते मोजलं. पंचेचाळीस सेंटिमीटर. ही वाटी ज्या लोखंडी बॉलवर बसते, तो बॉल गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत सरकवलेल्या एका पट्टीवर असतो. पट्टीला पायरीसारखी घडी असते. पायरी खाली धरून लावली की बॉल खाली येतो, उलटी करून लावली की वर जातो. हिशेब इतका सरळ, की शाळेतलं पोरही सांगेल: ट्रेलर सपाट उभा असताना वाटी जेवढी उंच, तेवढाच बॉल उंच हवा.

त्याच बनावटीची दुसरी पिकअप आणवून बाईंनी चेपलेल्या गाडीतली पट्टी जशीच्या तशी तिच्यात बसवली. पायरी वरच्या बाजूला होती. बॉल साठ सेंटिमीटरवर आला.

पंधराचा फरक. ट्रेलर नाक वर करून चालला असणार. आधीच मागच्या टोकाला जड इंजिन, त्यात नाक वर, म्हणजे भार आणखी मागे. बॉलवर दाबून बसायला हवं ते वजन जवळजवळ निघून गेलेलं. असा ट्रेलर सपाटीवर गुण उधळत नाही. उतार लागला की शेपूट हलवायला लागतो, आणि मग कुत्रं शेपूट हलवत नाही, शेपूटच कुत्र्याला हलवतं. मागून येणाऱ्या दूधगाडीवाल्याने तेच सांगितलं होतं. “वेग काही नव्हता हो. नाव एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तिसऱ्यांदा दोघंही दिसेनासे.”

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. “झालं तर! पट्टी उलटी लावली. लावणारा फिटर, मयताचा सख्खा मेहुणा. पोलिसांपुढे कबूलही झालाय की माप त्यानेच घेतलं. सोमवारी कोर्टात उभा करतायत. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या. “पण साहेब, बरोबर साठच का?”

“म्हणजे?”

“चूक झाली तर कशीही होते. ही चूक कुणीतरी मोजूनमापून केल्यासारखी आहे.”

साहेबांनी चष्मा परत घातला. संभाषण संपल्याची ती खूण होती.

बाहेरच्या बाकावर एक बाई कधीची बसून होती. तिशीची असेल. तिच्या बोटांच्या पेरांना डिंकाचे वाळलेले डाग होते. मोजणीबाई दिसताच ती उठली.

“मी त्यांची बायको,” ती म्हणाली. “माझा भाऊ खोटं बोलतोय. माप त्याने घेतलेलंच नाही. आमच्या दारात त्याने तीन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.”

२

कार्यालयाच्या मागे जिन्याखाली एक टेबल होतं, तिथे दोघी बसल्या.

“भांडण कशावरून?” बाईंनी विचारलं.

“कशावरूनही नाही. सासरे म्हणाले, फिटरला लोखंड कळतं, लाकूड कळत नाही. भाऊ म्हणाला, लाकूड कुजतं. एवढंच. मग तो म्हणाला या दारात पाय ठेवणार नाही, आणि सासरे म्हणाले नको ठेवूस. दोघंही शब्दाचे पक्के! ह्यांचं मात्र दोन्हीकडे जाणं-येणं होतं. गाडी नेहमी भावाच्या गॅरेजातच दुरुस्तीला लावायचे.” ती पहिल्यांदाच किंचित हसली. “सासऱ्यांना सांगायचे, दुसऱ्या गॅरेजात लावलीय म्हणून.”

“मग वाटीचं माप?”

“ट्रेलर नवीन आला, त्याच दिवशी. हे गाडी घेऊन भावाकडे गेले होते आणि ट्रेलर आमच्या शेडमध्ये. माप शेडमधूनच गेलं फोनवर. बरोबर गेलं. आमच्याकडे पाणसळीशिवाय माप घेतच नाहीत. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः पाणसळ लावून ट्रेलर सरळ केला. मी तिथेच होते.”

“तरी तुमचा भाऊ म्हणतो माप त्याने घेतलं.”

“म्हणूनच आले ना! पट्टी लावताना चुकला असेल, माणूस आहे. तसं सांग की रे! जे केलं नाही ते कशाला अंगावर घेतोस?” तिने बोटावरचा डिंक नखाने खरवडायला सुरुवात केली. “बाई, एक सांगू? सासरे म्हणतात तुझ्या भावाने माझा मुलगा मारला. मी घरात फिरले की भिंतीकडे तोंड करतात. भावाकडे जावं, तर तो तुरुंगात जाणार आणि भावजय माझं तोंड बघणार नाही. माझ्या नवऱ्याला तुम्ही परत आणणार नाही, ते कळतं मला. पण मला दोन्हीतलं एक तरी घर राहू द्या. काय झालं ते नीट शोधा.”

बाईंनी हो म्हटलं. असलं वचन द्यायचं नसतं, हे त्यांना वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. तरी म्हटलं.

३

फिटर कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. दांडगा गडी, पण चारच दिवसांत सदरा अंगावर लोंबायला लागला होता.

“मी सांगितलंय सगळं,” तो म्हणाला. “माप मी घेतलं. चुकलो. आता तुम्हाला लोखंड तोंडाने बोलून दाखवायला हवंय का?”

“किती घेतलं?”

“साठ.”

“नीट?”

“नीट मोजलं तरी चुकतं माणूस.”

“कुठे मोजलं?”

“त्यांच्याच शेडमध्ये. दुसरं कुठे? ट्रेलर तिथेच होता.”

“म्हातारेबुवांनी आत येऊ दिलं?”

तो थबकला. “ते नव्हते तेव्हा.”

“बरं. ट्रेलरचं नाक कोणत्या बाजूला होतं?”

हा प्रश्न बाईंनी सहज विचारला होता. माणूस खरंच त्या जागी गेला होता की नाही, हे पाहायची त्यांची जुनी सवय. खोलीचा रंग, दाराची कडी, असलं काहीतरी विचारायचं. फिटरने मात्र त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

“रस्त्याकडे. आणखी कुठे? नाव पाण्यात उतरवायची तर ढुंगण पाण्याकडे आणि नाक रस्त्याकडे. जगात सगळीकडे असंच.”

“फोन आला होता तेव्हा तुमचे भावजी तुमच्या शेजारीच उभे होते ना?”

“कसला फोन?” तो म्हणाला, पण जरा घाईने. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, माझ्या ताईला विचारू नका काही. तिला आधीच पुरे झालंय. मी चुकलो असं लिहा. मी सही करतो.”

चूक कबूल करणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. चूक मागून घेणारा हा पहिलाच.

४

नावा बांधायची शेड तळ्याच्या काठावर होती. वरचं दार रस्त्याकडे, खालचं दार थेट पाण्यात. आत लाकडाचा आणि डिंकाचा वास. अर्धवट नावेच्या फासळ्यांवर ऊन पडलं होतं.

म्हातारा रंधा मारत नव्हता. नुसता धरून बसला होता. कमरेचं हाड मोडून पुन्हा जुळलं होतं, ते वाकडंच. त्याला वाकता येत नव्हतं आणि उठताना त्याला दोन ठिकाणी धरावं लागे.

“बसा,” त्याने चाकांचं एक स्टूल पुढे ढकललं. बाई बसायच्या आत स्टूल आपसूक चालू लागलं. म्हाताऱ्याने न बघता पायाने एक पाचर त्याच्या चाकाखाली सारली. स्टूल थांबलं. शेडमध्ये चाकांची जी जी वस्तू होती, हातगाडी, रंगाची घोडी, लाकडाचा गाडा, त्या प्रत्येकीखाली अशी पाचर होती. टेबलाच्या दोन पायांखाली ठोकळे होते. चहा आला, त्याची कपबशी मात्र टेबलावर अगदी सपाट बसली.

“पट्टी उलटी लावली त्याने,” म्हातारा म्हणाला. “माप इथून गेलं होतं. बरोबर गेलं होतं. ही बघा.” त्याने भिंतीवरून पाणसळ काढली. लाकडी, पितळेची कड लावलेली, आणि मधल्या काचेच्या नळीत इवलासा बुडबुडा. म्हातारी माणसं नातवाला जवळ घेतात तशी त्याने ती जवळ घेतली. “माझ्या वडलांची. पोराला मी पहिली गोष्ट हीच शिकवली. डोळा फसवतो, जमीन फसवते. पाणसळ खोटं बोलत नाही. ट्रेलरच्या दांड्यावर हीच ठेवली. बुडबुडा मधोमध आला, तेव्हाच म्हटलं, आता मोजा.”

“कुणाला म्हटलं?”

“म्हणजे?”

“मोजा, असं कुणाला म्हणालात? मुलगा तर गॅरेजात होता.”

दारात सून रिकामे कप न्यायला येऊन उभी होती. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

“माणसं होती,” तो म्हणाला. “ट्रेलरवाला होता, त्याची पोरं होती. त्याने काय फरक पडतो? माप बरोबर होतं. लिहून घ्या. साठ.”

बाईंनी कप बशीत ठेवला.

फिटरही साठ म्हणाला होता. एक म्हणतो मी चुकीचं मोजलं: साठ. दुसरा म्हणतो आम्ही बरोबर मोजलं: साठ. आणि ट्रेलरची वाटी तर पंचेचाळीसवर. दोन माणसं वेगवेगळी मापं घेतात आणि दोघांची चूक एकाच सेंटिमीटरवर येऊन थांबते, असं होत नाही. माप एकच होतं. इथून निघालं होतं. आणि इथे, या माणसाच्या समोर, पाणसळ लावून घेतलेलं माप चुकलं कसं?

५

ट्रेलरवाला शहराबाहेरच्या माळावर धंदा करायचा. बोलका, गोलमटोल, आणि तोंडावर कायमचं बिल देणाऱ्याचं हसू.

“माझ्या ट्रेलरमध्ये खोट असेल तर हे कान कापून देईन! किती जणांना दिलेत. एकही परत नाही आला.” मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. “म्हणजे, तसं नाही... पोरगा गुणी होता हो.”

“ट्रेलर तुम्हीच पोचवलात?”

“मी आणि माझी दोन पोरं. आणि कशाला गेलो असं झालं! म्हातारबुवा म्हणतात, इंजिन चढवायचंय, ट्रेलर फिरवा. अहो, इंजिन उचलायचा साखळीचा कप्पी-घोडा वरच्या दाराशी टांगलेला. इंजिन लागणार नावेच्या मागच्या टोकाला. म्हणजे मागचं टोक रस्त्याकडे आणि नाक पाण्याकडे. सगळं उलटं! चौघांनी हाताने फिरवला. माझी कंबर अजून मला शिव्या देतेय.”

“थांबा. नाक पाण्याकडे होतं?”

“पाण्याकडेच. इंजिन बसवलं, मग कुठे संध्याकाळी परत फिरवून नाक रस्त्याकडे केलं. त्या वेळी मी नव्हतो, सुटलो.”

“माप घेताना तुम्ही होतात?”

“छे! म्हातारबुवा पाणसळ काढतायत म्हटल्यावर आम्ही पळालो. ती काढली की तासभर माणसाची सुटका नाही. तोवर त्यांचा पोरगा गाडी घेऊन गेला होता. घरात उरलं कोण? म्हातारबुवा आणि...” त्याने हात हलवला. “आपल्याला काय माहीत.”

बाई उठल्या. आवारात पाच-सहा ट्रेलर रांगेने उभे होते. वाऱ्यावर एकाची ताडपत्री फडफडत होती, पण ट्रेलर जागचा हलत नव्हता. बाईंनी खाली वाकून चाकं पाहिली.

“तुम्ही पाचरी लावत नाही?”

“कशाला?” ट्रेलरवाला हसला. “जमीन सपाट आहे.”

बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. ट्रेलरवाल्याला वाटलं, हिचीही कंबर गेली.

शेड पाण्याकडे उतरती होती. बांधलेली नाव आपसूक तळ्यात सरकावी म्हणून कुणीतरी, कधीतरी, मुद्दाम तशी बांधलेली. मग टेबलाखाली ठोकळे आले, चाकांखाली पाचरी आल्या, आणि हळूहळू उतार कुणाला दिसेनासा झाला. पाणसळीने ट्रेलर खरोखरच सरळ झाला होता. पण वाटीखालची जमीन चाकांखालच्या जमिनीपेक्षा खाली गेली होती, कारण नाक पाण्याकडे होतं. ट्रेलर खरा, बुडबुडा खरा, टेपवरचा आकडाही खरा. खोटी होती ती नुसती जमीन.

आणि नाक रस्त्याकडे असतं, तर आकडा पंचेचाळीसहून कमी आला असता. जास्त नव्हे. म्हणजे नाक रस्त्याकडे होतं असं सांगणारा फिटर तिथे गेलाच नव्हता. त्याने फक्त आकडा ऐकला होता, फोनवर, भावजींच्या खांद्याला खांदा लावून. नंतर अपघात ऐकताच त्याच्या लक्षात आलं असणार, की साठ हा आकडाच चुकीचा होता. आणि फोनवर आकडा सांगणारा आवाज त्याला ओळखीचा होता.

म्हाताऱ्याला वाकता येत नाही. मुलगा गॅरेजात. ट्रेलरवाला पळालेला. बाईंनी मनातल्या मनात माणसं वजा केली. उत्तर आलं. त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपला हिशेब चुकावा असं वाटत होतं.

‘मी तिथेच होते,’ जिन्याखालच्या टेबलाशी तिने सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. कुणी विचारलं नव्हतं तरी.

६

रविवारी सकाळी फिटरला हवालदाराबरोबर शेडवर आणलं. तीन वर्षांनी तो त्या दारात आला, आणि उंबऱ्याशी थांबला. म्हातारा त्याच्याकडे पाहीना. सून मधे उभी होती, एकाची सून आणि एकाची ताई.

“तुमच्याकडे चार मीटरची फळी असेल,” बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या. “चाकांपासून वाटीपर्यंत जेवढं अंतर तेवढी. तिचं एक टोक इथे जमिनीवर टेकवू, दुसरं पाण्याकडे. आणि तुम्ही तुमच्या पाणसळीने ती सरळ करा.”

“हे कशाला?”

“तुमची पाणसळ खोटं बोलत नाही, हे मला लिहायचंय.”

म्हातारा त्यावर तयार झाला. हवालदाराने फळीचं पाण्याकडचं टोक धरून वर उचललं. म्हातारा स्टुलावर बसून बुडबुड्याकडे बघत होता. “अजून. अजून थोडं. बास, बास! जरा खाली. हां! आता हलू नका.” त्याच्या आवाजात पुन्हा जुना मालक आला होता. फळीखाली ठोकळे रचून ती तशीच ठेवली. बुडबुडा मधोमध, एखाद्या मोत्यासारखा.

“सरळ आहे?” बाईंनी विचारलं.

“देवाच्या दारात नेऊन दाखवा.”

“मग त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे, तेवढं बघायचं.”

आणि सवयीने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, म्हातारा म्हणाला, “वाच, सूनबाई.”

त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत ती गुडघ्यांवर बसली होती. टेप तिच्या पदराशीच खोचलेली होती. तिने टोक जमिनीला टेकवलं, मान वाकडी करून आकडा पाहिला, आणि नेहमीसारखं ठणठणीत आवाजात सांगितलं, “पंधरा.”

मग तिने तो आकडा पुन्हा मनात ऐकला असावा. तिचा टेपवरचा अंगठा सुटला, आणि पट्टी सर्रकन आत गेली.

तळ्याचं पाणी खालच्या दाराच्या लाकडावर थपथपत होतं.

“ताई, ऊठ,” उंबऱ्यातून फिटर म्हणाला. “मी सांगितलंय ना सगळं. बाई, मी माप घेतलं. हिचा काही संबंध नाही.”

“तुम्ही इथे आला नव्हतात,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी नाक पाण्याकडे होतं. तुम्हाला ते माहीत नाही.”

“तुला वाटलं मी चुकीचं वाचलं,” बहीण जमिनीवरूनच म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. “म्हणून तू... तुला वाटलं ताईने टेप उलटी धरली, नाहीतर पंचेचाळीसचे साठ केले.”

“मला काहीच वाटलं नाही.”

“मी बरोबर वाचलं होतं रे. साठच होते. दोनदा बघितलं. हे फोनवर म्हणाले, नीट बघ, एवढी उंच वाटी असते का? मी म्हटलं, बाबांनी पाणसळ लावलीय. मग ते म्हणाले, बाबांनी लावलीय ना, मग झालं.”

फिटरने दाराची चौकट धरली. “मलाही तेच म्हणाले,” तो म्हणाला. “मी म्हटलं, भावजी, ट्रेलर मी पाहिला नाही, एकदा जाऊन बघतो. म्हणाले, नको, उगाच पुन्हा तोंडाला तोंड लागेल. आणि मी पट्टी उलटी करताना ते हसत होते. म्हणाले, म्हातारा सांगतो, मलासुद्धा पाणसळ लावूनच जन्माला घातलंय.”

“आणि इथून निघताना?” बाईंनी हळूच विचारलं. “नाक वर आहे, हे कुणाला दिसलं नाही?”

“रस्त्याकडे चढच आहे,” सून म्हणाली. “त्या दारातून जे बाहेर पडतं, त्याचं नाक वरच असतं. नावेचं तर मुळातच वर.”

म्हातारा अजून बुडबुड्याकडे बघत होता. त्याने पाणसळ उचलली, उलटी केली, दुसऱ्या बाजूने ठेवली. बुडबुडा हलला, डगमगला, आणि परत मधोमध येऊन बसला. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा मधोमध.

“म्हणजे इथे बांधलेल्या सगळ्या नावा...” तो म्हणाला.

“नावांना काही झालं नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्या पाणसळीने बांधल्यात आणि त्या पाण्यावर राहतात. पाणी सपाट असतं. माप जमिनीपासून घ्यायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नव्हती.”

“मी म्हटलं, बाबांनी लावलीय,” सून पुन्हा म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वळवून फिटरकडे पाहिलं. “तू सुटलास,” तो म्हणाला. ते आशीर्वादासारखं नव्हतं, शापासारखंही नव्हतं. मग त्याने सुनेकडे पाहायचा प्रयत्न केला, आणि नजर तिच्या हातातल्या टेपपर्यंत येऊन तिथेच अडली. तिची नजर त्याच्या मांडीवरच्या पाणसळीवर. दोघांनाही त्यापुढे जाता येईना.

फिटर दोन पावलं आत आला. “ताई, माझ्याकडे चल.”

“आणि तुझ्याकडे येऊन काय करू?” ती म्हणाली. “तू रोज मला माफ करणार. रोज. ते मला सोसायचं नाही.”

हवालदार खाकरला. फिटरला सह्या करायला परत न्यायचं होतं.

बाई गाडीकडे निघाल्या तेव्हा सून मागून चढ चढत आली. धापा टाकत नव्हती. चढ तिच्या अंगवळणी होता.

“बाई, तुम्ही हे मोजलं नसतंत तर?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. “तर तुमचा भाऊ तुरुंगात गेला असता,” त्या म्हणाल्या.

“हो. एक जण गेला असता.” तिने हिशेब मनातल्या मनात तपासला. “मीच आले होते तुमच्याकडे. तुमचा दोष नाही.”

“अहवालात कुणाचाही दोष नाही, असंच लिहीन.”

“लिहा,” ती म्हणाली. “वाचणार कोण आहे?”

ती परत उतरली. वरच्या दारातून बाईंना आतलं सगळं दिसत होतं. म्हातारा उठून भिंतीशी उभा होता, पाणसळ खुंटीवर अडकवायला हात वर केलेला, पण खुंटी त्याला सापडत नव्हती. त्याच्या उठण्याने पाचर निसटली होती, आणि रिकामं स्टूल सावकाश, अगदी सावकाश, पाण्याच्या दाराकडे निघालं होतं.

सून त्याच्या वाटेने जात होती. तिने स्टुलाकडे पाहिलं नाही, म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही, खाली तर नाहीच पाहिलं. चालता चालता तिच्या पायाने ती पाचर अचूक स्टुलाच्या चाकाखाली सारली.